पलटण कुठल्या सालची?

गेल्या सत्रात आमच्या आंतर-हाउस वक्तृत्व स्पर्धेत मी मराठा लाइट इन्फन्ट्री या विषयावर बोललो होतो. माझे पहिलेच वाक्य असे होते, "छत्रपती शिवाजी महाराजांनी उभी केलेली ही पलटण आजही देशाच्या सीमेवर खडी आहे!" टाळ्या पडल्या. दुसऱ्या क्रमांकाचे बक्षीसही मिळाले.

सुट्टीत बेंगळुरूला, महादेवपुऱ्यातल्या घरी आलो. आमच्या सोसायटीत सिक्युरिटी सुपरवायझर म्हणून काम करणारे एक काका आहेत. मूळचे चंदगडकडचे, आणि मराठा लाइट इन्फन्ट्रीतून हवालदार म्हणून निवृत्त झालेले. आयटी पार्कांच्या या भागात दिवसभर कन्नड, तेलुगू, हिंदी आणि इंग्रजी कानावर पडते, त्यामुळे त्यांच्याशी मराठीत बोलायला मला आवडते. एका संध्याकाळी गेटवरच उभे राहून मी त्यांना माझे भाषण म्हणून दाखवले. पहिले वाक्य संपताच त्यांनी हात वर केला.

"थांब. पलटण कुठल्या सालची?"

"सोळाशे..." मी अडखळलो.

"सतराशे अडुसष्ट. भरती झाल्यावर आमच्याकडून हे पाठ करून घेतात. आता सांग, महाराज कुठल्या साली गेले?"

१६८०. मधली ८८ वर्षे माझ्या भाषणातून गायबच होती. बक्षीस आता परत करता येणार नाही, पण चूक दुरुस्त करता येईल. म्हणून हा लेख.

कंपनीची पलटण

ऑगस्ट १७६८ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीने मुंबईत 'बॉम्बे सिपॉय'ची दुसरी बटालियन उभी केली. तीच आजची १ मराठा लाइट इन्फन्ट्री, म्हणजे 'जंगी पलटण'. २०१८ मध्ये तिला २५० वर्षे पूर्ण झाली. रेजिमेंटमधली ही सर्वांत जुनी बटालियन.

आता त्या वर्षी महाराष्ट्रात काय चालले होते ते पाहा. पुण्यात थोरले माधवराव पेशवे गादीवर होते. पानिपतानंतर सात वर्षांत त्यांनी मराठ्यांची ताकद पुन्हा उभी केली होती. म्हणजे मुंबईच्या बेटावर जी पलटण कवायत शिकत होती, ती मराठ्यांची नव्हती; मराठ्यांना शत्रू मानणाऱ्या कंपनीची होती. पुढे १७७५ ते १७८२ या काळात कंपनी आणि मराठे यांच्यात पहिले युद्ध झाले, आणि जानेवारी १७७९ मध्ये कंपनीच्या मुंबई फौजेला वडगावला मराठ्यांपुढे शरण यावे लागले.

हे वाचताना मला थोडे वाईट वाटले. आपण ज्या पलटणीचा अभिमान बाळगतो तिचा जन्म असा कसा? काकांना विचारले, तर ते म्हणाले, "जन्म कुणाच्या हातात असतो? पुढचं बघ."

'मराठा' हे नावही सुरुवातीला नव्हते. पहिली सव्वाशेहून अधिक वर्षे या पलटणींना नुसते आकडे होते. मुंबईच्या फौजेत मराठ्यांबरोबर कोकणातले महार, दख्खनी मुसलमान, उत्तरेकडून आलेले परदेशी आणि बेने इस्रायली ज्यूसुद्धा होते. १९०३ साली लॉर्ड किचनर यांनी फौजेची नव्याने रचना केली, तेव्हा १०३, ११० आणि १०५ या क्रमांकांच्या पलटणींना 'मराठा लाइट इन्फन्ट्री' आणि ११४, ११६, ११७ यांना 'मराठा' हे नाव मिळाले. १९२२ मध्ये या सहा पलटणी एकत्र करून '५ मराठा लाइट इन्फन्ट्री' ही एकच रेजिमेंट झाली आणि तिचे प्रशिक्षण केंद्र बेळगावला आले. ते आजही तिथेच आहे.

एक गोष्ट मात्र कंपनीने बाहेरून आणली नाही, ती म्हणजे हुद्द्यांची नावे. महाराजांच्या पायदळात नऊ-दहा पाइकांवर एक नाईक आणि पाच नाइकांवर एक हवालदार असे. कंपनीने शिपायांसाठी हेच इथले शब्द उचलले. आज आपल्या एनसीसीच्या उस्तादांच्या दंडावर ज्या फिती दिसतात, त्यांची नावे कंपनीहून जुनी आहेत.

'लाइट इन्फन्ट्री' म्हणजे काय?

बरेच कॅडेट समजतात की 'लाइट' म्हणजे हलकी शस्त्रे. मलाही तसेच वाटत होते.

अठराव्या शतकातले पायदळ खांद्याला खांदा लावून ओळीत उभे राहून गोळीबार करी. लाइट इन्फन्ट्रीचे जवान मात्र मुख्य फौजेच्या पुढे विखरून जात, झाडाझुडपांचा आडोसा घेत, स्वतःच्या अकलेने नेम धरत आणि चपळाईने जागा बदलत. ब्रिटनमध्ये या पद्धतीचे शिक्षण १८०३ पासून सर जॉन मूर यांनी केंट परगण्यातल्या शॉर्नक्लिफ येथे दिले. हुकमाची वाट पाहणाऱ्या शिपायापेक्षा विचार करणारा शिपाई त्यांना हवा होता.

विखुरलेल्या जवानांना ढोलाचा आवाज नीट कळत नसे, म्हणून हुकूम बिगुलावर दिले जात. त्यामुळे बिगुल हेच लाइट इन्फन्ट्रीचे चिन्ह बनले. त्यांची चालही वेगळी ठरली. आपण परेडला मिनिटाला सुमारे १२० पावले टाकतो, ब्रिटिश लाइट इन्फन्ट्री १४० टाकते. ब्रिटनमधल्या जुन्या लाइट इन्फन्ट्री रेजिमेंट एकेक करून विलीन होत गेल्या. २००७ मध्ये उरलेल्यांपासून 'द रायफल्स' ही रेजिमेंट झाली. तिच्या टोपीवरही बिगुल आहे आणि बेळगावच्या जवानाच्या टोपीवरही बिगुल आहे. मूळ एकच.

आपल्या पलटणींना हा मान लढून मिळाला. पहिल्या अफगाण युद्धाच्या काळात, १८४० मध्ये बलुचिस्तानच्या डोंगरातल्या काहून या किल्ल्यात पाचव्या बॉम्बे पलटणीची एक तुकडी कॅप्टन लुईस ब्राउन यांच्या हाताखाली कित्येक महिने वेढ्यात अडकली होती. बाहेरून मदत पोहोचत नव्हती, तरीही ते दीर्घकाळ टिकून राहिले. १८४१ मध्ये 'लाइट इन्फन्ट्री' हा किताब मिळाला. तेव्हा हा मोठा सन्मान समजला जाई.

हार लपवायची नाही

मी भाषणात फक्त विजय सांगितले होते. रेजिमेंट स्वतः मात्र तसे करत नाही.

पहिल्या महायुद्धात १०३, ११० आणि ११७ या तिन्ही मराठा पलटणी सहाव्या (पूना) डिव्हिजनमधून आजच्या इराकमध्ये गेल्या. डिसेंबर १९१५ मध्ये टायग्रिस नदीच्या काठी कुत-अल-अमारा येथे तुर्की फौजेने त्यांना वेढले. धान्य संपत आले. घोड्याचे मांस खायला हिंदी जवान तयार नव्हते. धर्मगुरूंची परवानगी मागवावी लागली. सुमारे पाच महिन्यांनी, २९ एप्रिल १९१६ रोजी सैन्य शरण गेले. कैदेत कितीतरी जण उन्हाने, उपासमारीने आणि रोगाने मेले. साताऱ्या-कोल्हापूरच्या गावांतून निघालेले अनेक जण घरी परतलेच नाहीत.

मेसोपोटेमियातल्या कामगिरीबद्दल ११७व्या पलटणीला 'रॉयल' हा किताब मिळाला. त्याच रणभूमीवर, ऑक्टोबर १९१८ च्या शेवटच्या आठवड्यात शर्कत येथे ११४व्या मराठा पलटणीने गाजवलेल्या पराक्रमाची आठवण म्हणून बेळगावच्या केंद्रात शर्कत युद्धस्मारक आहे.

दुसऱ्या महायुद्धातही एक कडू दिवस आला. जून १९४२ मध्ये लिबियातल्या तोब्रुक येथे जर्मन फौजेपुढे संपूर्ण ठाणे पडले, त्यात दुसरी बटालियन, म्हणजे 'काळी पाचवी', कैद झाली. काका म्हणाले, "हरलेली लढाई पण शिकवायची असते. नाहीतर पोरं तुझ्यासारखी भाषणं करतात." मी गप्प बसलो.

घोषणा कधी आली?

आता माझ्या भाषणातली सर्वांत मोठी चूक. 'बोल श्री छत्रपती शिवाजी महाराज की जय' ही युद्धघोषणा पलटणीच्या जन्मापासून आहे, असे मी ठोकून दिले होते. प्रत्यक्षात ती युद्धघोषणा म्हणून रूढ झाली १९४१ मध्ये, आफ्रिकेत.

इरिट्रियातल्या केरन या गावाभोवती उंच, उघड्या खडकाळ डोंगरांची भिंत आहे. त्यावर इटालियन फौज बसली होती. फेब्रुवारी आणि मार्च १९४१ मध्ये हिंदी सैन्याच्या चौथ्या आणि पाचव्या डिव्हिजनने तिथे एकामागून एक चढाया केल्या. तिसरी मराठा बटालियन डोलोगोरोडॉक किल्ल्याभोवतीच्या टेकड्यांवर लढत होती. त्या चढाईत जवानांनी महाराजांच्या नावाचा जयजयकार केला. बटालियनचे प्रमुख होते लेफ्टनंट कर्नल डेनिस रीड, म्हणजे ब्रिटिश अधिकारी. २७ मार्चला केरन पडले. घोषणा मात्र कायमची राहिली. तिला जोडून कोल्हापूरच्या टेंबलाई मातेचाही जयजयकार होतो.

मला ही गोष्ट सर्वांत महत्त्वाची वाटते. पलटण इंग्रजांनी उभी केली, बिगुल इंग्रजांचा, कवायत इंग्रजांची, प्रमुखही इंग्रज. पण मृत्यू समोर दिसत असताना तोंडातून कोणाचे नाव यावे, हे जवानांचे जवानांनीच ठरवले. उभ्या कड्यावरून गड चढण्याच्या गोष्टी त्यांनी लहानपणापासून ऐकल्या होत्या. त्या दिवशी समोर तसाच कडा होता.

चारच वर्षांनी ही घोषणा एका पदकाच्या सन्मानपत्रात नोंदवली गेली. ९ एप्रिल १९४५, इटलीतली सेनियो नदी. पहिल्या बटालियनचे शिपाई नामदेव जाधव हे कंपनीचे निरोप्ये होते. नगर जिल्ह्यातल्या निमज गावचे. नदी ओलांडताना त्यांच्या तुकडीवर मशीनगनचा मारा झाला. एका जखमी साथीदाराला त्यांनी खोल पाण्यातून, चिखलाच्या चढावरून आणि सुरुंगांच्या पट्ट्यातून सुरक्षित जागी नेले. परत जाऊन दुसऱ्या जखमी साथीदारालाही आणले. मग एकट्याने शत्रूच्या मशीनगनच्या ठाण्यांवर चालून गेले. हाताला गोळी लागून टॉमी गन चालवता येईना, तेव्हा ती टाकून त्यांनी हातबॉम्ब वापरले. ठाणी शांत झाल्यावर ते बांधावर चढले आणि तोफगोळे पडत असताना उघड्यावर उभे राहून मराठ्यांची युद्धघोषणा देत बाकीच्या कंपन्यांना नदीपार बोलावत राहिले. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला.

त्याआधी १० जुलै १९४४ रोजी इटलीतच, टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात, तिसऱ्या बटालियनचे नाईक यशवंत घाडगे यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला होता. ते माणगाव तालुक्यातल्या पळसगावचे, वय अवघे २२. त्यांच्या सेक्शनमधले सगळे जण ठार किंवा जखमी झाल्यावर ते एकटेच मशीनगनवर धावून गेले. हातबॉम्बने त्यांनी ती बंद पाडली. मॅगझिन बदलायला वेळ नव्हता, म्हणून उरलेल्या दोघांना बंदुकीच्या तडाख्याने लोळवले. शेवटी दूरच्या नेमबाजांच्या गोळ्या लागून ते पडले. माणगावला त्यांचा पुतळा आहे. जुलै २०२३ मध्ये इटलीतल्या मोंटोने गावानेही त्यांच्या स्मरणार्थ सूर्यघड्याळाचे स्मारक उभारले. आपल्यापैकी किती जणांना हे नाव माहीत होते? मला नव्हते.

काय ठेवले, काय सोडले

स्वातंत्र्यानंतर नवा प्रश्न आला. ब्रिटिशांच्या काळात मिळालेल्या परंपरांचे करायचे काय?

काही गोष्टी सोडल्या गेल्या. 'रॉयल' किताब आणि मुकुट गेले, चिन्हात अशोकस्तंभाचे सिंह आले. रेजिमेंटच्या जुन्या युद्धसन्मानांत 'सेरिंगापटम' हेही नाव आहे, म्हणजे १७९९ ची श्रीरंगपट्टणची लढाई. बेंगळुरूपासून ती जागा साधारण सव्वाशे किलोमीटरवर आहे. म्हैसूरला जाताना आम्ही तिथे थांबलो होतो. टिपू सुलतान जिथे पडला ती जागा मी पाहिली, पण तिथे आपल्याच पलटणीचे पूर्वज चालून गेले होते हे तेव्हा माहीत नव्हते. भारतीय राज्यकर्त्यांविरुद्ध, परकीय सत्तेसाठी मिळवलेले असे सन्मान स्वतंत्र भारताचे सैन्य साजरे करत नाही. ते इतिहासातून पुसलेले नाहीत, पण त्या दिवशी बडाखाना होत नाही.

काही गोष्टी ठेवल्या. बिगुल ठेवला. लाइट इन्फन्ट्री हे नाव ठेवले. हिरव्या बेरेवरचा लाल-हिरवा तुरा, म्हणजे हॅकल, ठेवला.

आणि काही गोष्टी स्वतःच्या जोडल्या. 'कर्तव्य, मान, साहस' हे ब्रीद आहे. समारंभात बँडबरोबर झांजपथकही उतरते. मराठा जवानाला सैन्यात 'गणपत' म्हणतात, आणि हे नाव जवान आनंदाने मिरवतात. सर्वांत विशेष म्हणजे मराठा दिन. तो ४ फेब्रुवारीला असतो. १६७० साली त्या दिवशी तानाजी मालुसरे यांनी प्राण देऊन कोंढाणा घेतला. म्हणजे १७६८ ची पलटण आपला दिवस म्हणून स्वतःच्या जन्माच्या ९८ वर्षे आधीची तारीख पाळते!

काकांना मी विचारले, "मग माझे वाक्य अगदीच चूक कसे?" ते म्हणाले, "महाराजांनी पलटण उभी केली, हे चूक. पलटणीने महाराजांना आपलं मानलं, हे बरोबर. दोन्हींत फरक आहे ना?"

आमच्या शहरातली तिसरी मराठा

केरनला घोषणा देणारी तिसरी बटालियन आज मराठा लाइट इन्फन्ट्रीत नाही. पॅराशूट पलटण म्हणून तिने मार्च १९४८ मध्ये काश्मीरमधल्या झांगरच्या लढाईत भाग घेतला, आणि १९५२ मध्ये ती पॅराशूट रेजिमेंटमध्ये २ पॅरा (मराठा) म्हणून गेली. पॅराशूट रेजिमेंटचे प्रशिक्षण केंद्र आहे बेंगळुरूमध्ये, आमच्या घरापासून थोड्याच अंतरावर.

१९७१ च्या युद्धात एक सुंदर योगायोग घडला. जंगी पलटण लेफ्टनंट कर्नल कुलदीपसिंग ब्रार यांच्या हाताखाली पूर्व पाकिस्तानात जमालपूरला होती. शरण या, असे पत्र ब्रिगेडियर हरदेवसिंग क्लेर यांनी पाकिस्तानी कर्नलला पाठवले, तर उत्तराच्या कागदात गुंडाळलेली बंदुकीची गोळी आली. लढाई झाली आणि ११ डिसेंबरला जमालपूर पडले. त्याच दिवशी दुपारनंतर २ पॅराचे जवान टांगाईलजवळ छत्र्यांनी उतरले आणि त्यांनी पूंगलीचा पूल ताब्यात घेतला. १२ डिसेंबरला जंगी पलटण धावत-लढत त्या पुलावर पोहोचली. जुनी पहिली मराठा आणि जुनी तिसरी मराठा यांची पुन्हा गाठ पडली. चारच दिवसांनी ढाक्यात शत्रूने शरणागती पत्करली.

शांततेच्या काळातही रेजिमेंटने किंमत मोजली आहे. २ मराठाचे कॅप्टन एरिक जेम्स टकर, १६ मराठाचे कर्नल एन. जे. नायर आणि १५ मराठाबरोबर काश्मीरमध्ये असलेले लेफ्टनंट नवदीप सिंग या तिघांना मरणोत्तर अशोकचक्र मिळाले. नावे पाहा. एक ख्रिस्ती, एक मल्याळी, एक पंजाबी. तिघेही 'गणपतां'चेच अधिकारी.

शेवटी

एनडीएच्या परीक्षेला माझी अजून दोन वर्षे आहेत. निवड झाली तर कोणती रेजिमेंट मागायची हे मी भाषणाच्या आधीच ठरवले होते, आणि तो विचार बदललेला नाही. उलट आता मी काय मागतो आहे ते मला नीट माहीत आहे. आधी मला वाटायचे की मराठी आडनाव असले की ही परंपरा आपोआप आपली होते. पण काहूनच्या, कुतच्या आणि केरनच्या जवानांना ती आयती मिळाली नव्हती, मग मला कशी मिळेल?

सुट्टी संपायच्या आदल्या दिवशी मी भाषणाचे पहिले वाक्य नव्याने लिहून काकांना ऐकवले: "१७६८ साली परक्यांनी उभी केलेली, आणि १९४१ साली महाराजांचे नाव घेऊन कडा चढलेली ही पलटण आज आपली आहे, कारण तिच्या जवानांनी ती आपली केली."

काका थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "आता बरोबर. फक्त बोलताना हात खिशातून काढ."

जय हिंद!